अमेरिकेत नवी गाडी घेताना: स्टिकरवरची किंमत आणि हातात पडणारं बिल

भारतात गाडी घेताना ‘एक्स-शोरूम किती, ऑन-रोड किती’ हे विचारायची सवय सगळ्यांना असते. अमेरिकेत नव्याने आलेली माणसं मात्र स्टिकरवरचा आकडा धरून बसतात आणि सही करायच्या टेबलावर बिल दोन-चार हजार डॉलरने फुगलेलं पाहून गोंधळतात. एक्स-शोरूम किमतीत निदान जीएसटी तरी धरलेला असतो. इथे स्टिकरच्या किमतीत विक्रीकर धरलेलाच नसतो. त्यावर डीलरची फी, टायटल (गाडीच्या मालकीचा कागद), रजिस्ट्रेशन आणि डीलरने मनाने बसवलेल्या वस्तू, असं सगळं चढत जातं. या सगळ्यासकट गाडी दारातून बाहेर काढायला जी रक्कम लागते तिला ‘आउट-द-डोअर’ किंमत म्हणतात. आपल्या ऑन-रोड किमतीची ही जवळची बहीण, पण एक फरक लक्षात ठेवा: हिच्यात विमा नसतो. तो तुम्ही वेगळा घ्यायचा आणि गाडी ताब्यात घ्यायच्या आधीच घ्यायचा.

घासाघीस करायची ती याच आकड्यावर. त्यासाठी बिलातली कुठली ओळ सरकारची, कुठली डीलरची आणि कुठल्या ओळीवर कर बसतो हे ओळखता यायला हवं.

पायरी १: आपल्या पत्त्याचा कर काढून ठेवा

अमेरिकेत देशभर एकच असा विक्रीकर नाही. राज्य कर ठरवतं आणि अनेक ठिकाणी काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) आणि शहरही त्यावर आपला वाटा चढवतात. न्यू जर्सीचा हिशेब सरळ आहे, राज्यभर ६.६२५ टक्के. कॅलिफोर्नियात किमान ७.२५ टक्के, पण स्थानिक कर धरून लॉस एंजेलिस शहरात तो ९.७५ होतो आणि सॅन फ्रान्सिस्कोभोवतालच्या बे एरियातल्या काही गावांत १० च्या पुढे जातो. टेक्सासमध्ये गाडीवर ६.२५ टक्के. तिथे दुकानातल्या पावतीवर दिसणारा ८.२५ चा आकडा गाडीला लावू नका, कारण स्थानिक विक्रीकर गाडीवर लागत नाही. न्यूयॉर्क शहरात ८.८७५. फ्लोरिडात ६ टक्के, आणि काउंटीचा जादा कर फक्त पहिल्या ५,००० डॉलरवर.

काही राज्यांत नाव वेगळं असतं, पैसे जातातच. नॉर्थ कॅरोलायनात विक्रीकराऐवजी ३ टक्के ‘हायवे यूज टॅक्स’ आहे. जॉर्जियात टायटल करतानाच एकरकमी ७ टक्के घेतात. व्हर्जिनियाचा ४.१५ टक्के दर ऐकून बरं वाटतं, पण तिथल्या काउंट्या आणि शहरं गाडीवर दरवर्षी मालमत्ता कर लावतात, आणि नवी गाडी असली की पहिल्या वर्षीचं ते बिल चांगलंच बोचतं.

हा कर सहसा दुकान कुठे आहे यावर ठरत नाही. गाडी कुठल्या पत्त्यावर रजिस्टर होणार यावर ठरतो. न्यू जर्सीत राहणाऱ्याला हमखास पडणारा प्रश्न: पूल ओलांडून डेलावेअरला गेलं, तिथे विक्रीकर नाही, मग गाडी तिथूनच का घेऊ नये? घ्या, पण कर वाचणार नाही. नंबर प्लेट न्यू जर्सीची हवी असेल तर रजिस्ट्रेशनच्या वेळी ६.६२५ टक्के भरावेच लागतात. ओरेगन, माँटाना, न्यू हॅम्पशायर इथल्या डीलरांबाबतही हेच. माँटानात नावापुरती कंपनी काढून तिच्या नावावर गाडी घ्यायची ‘युक्ती’ इंटरनेटवर फिरत असते. आपल्या राज्यात राहून तशी गाडी चालवणं ही सरळ करचुकवेगिरी आहे, आणि व्हिसावर असलेल्या माणसाने या भानगडीत अजिबात पडू नये.

शेजारच्या राज्यातून गाडी घ्यायचीच असेल तर डीलरला आधी एवढंच विचारा: माझ्या राज्याचा कर तुम्ही घेऊन तिकडे भरणार, की मी रजिस्ट्रेशनच्या वेळी भरायचा? सीमेजवळचे बरेच डीलर कागदपत्रं स्वतःच करतात. चुकून त्यांच्या राज्याचा कर कापला गेला, तर बहुतेक राज्यं तेवढी रक्कम तुमच्या करातून वजा करतात, पण त्यासाठी कर भरल्याचा कागद लागतो. तो जपून ठेवा.

पायरी २: कर नेमका कशावर बसतो

टक्केवारी सगळ्यांना कळते. गोम असते ती कुठल्या रकमेवर टक्के लावायचे यात.

डीलरने स्वतःच्या खिशातून दिलेली सूट विक्रीची किंमतच कमी करते, म्हणून करही कमी होतो. कंपनीकडून येणारा रिबेट हे वेगळं प्रकरण आहे. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत रिबेट वजा करायच्या आधीच्या रकमेवर कर लागतो, कारण सरकारच्या लेखी डीलरला पूर्ण किंमत मिळालेली आहे, थोडी तुमच्याकडून आणि थोडी कंपनीकडून. लॉस एंजेलिसमध्ये १,००० डॉलरचा रिबेट मिळाला तरी त्या हजारावरचे ९७.५० डॉलर तुम्हाला भरावेच लागतात. म्हणून ‘दोन हजारांची बचत’ अशी जाहिरात दिसली की त्यात डीलरची सूट किती आणि कंपनीचा रिबेट किती, हे वेगळं करून मागा.

जुनी गाडी देऊन नवी घेणाऱ्यांसाठी फरक आणखी मोठा आहे. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, टेक्सास आणि इतर बहुतेक राज्यांत जुन्या गाडीची किंमत वजा करून उरलेल्या रकमेवर कर लागतो. कॅलिफोर्निया आणि व्हर्जिनियात ही सवलत नाही, पूर्ण किमतीवर कर. समजा न्यू जर्सीत डीलर जुन्या गाडीचे ८,००० डॉलर देतो. त्यावरचा ५३० डॉलर कर वाचतो, म्हणजे ती गाडी तुम्हाला खरं तर ८,५३० ला गेली. बाहेर कुणी ८,४०० देत असेल तर तो व्यवहार दिसायला फायद्याचा आणि हिशेबाने तोट्याचा. कॅलिफोर्नियात मात्र बाहेरचे ८,४०० घेणंच बरं. पहिल्या गाडीला हा प्रश्न येत नाही. दोन-तीन वर्षांनी दुसरी घेताना येतो आणि तोवर सगळे विसरलेले असतात.

इलेक्ट्रिक गाडीचं गणित अलीकडे बदललं आहे. केंद्राची ७,५०० डॉलरपर्यंतची करसवलत ३० सप्टेंबर २०२५ नंतर घेतलेल्या गाड्यांना मिळत नाही. न्यू जर्सीत इलेक्ट्रिक गाडीला पूर्वी विक्रीकर माफ होता. १ ऑक्टोबर २०२४ पासून तो अर्धा आणि १ जुलै २०२५ पासून पूर्ण लागू झाला. शिवाय पेट्रोलवरचा कर बुडतो म्हणून राज्याने २०२४ मध्ये वर्षाला २५० डॉलरची फी सुरू केली, जी दरवर्षी १० डॉलरने वाढते. नव्या गाडीला ती चार वर्षांची एकदम भरावी लागते, म्हणजे बिलात एक हजाराच्या वर जाणारी एक ओळ. टेक्सासमध्ये नव्या इलेक्ट्रिक गाडीच्या पहिल्या रजिस्ट्रेशनला ४०० डॉलर जादा लागतात. जुने लेख वाचून किंवा दोन वर्षांपूर्वी गाडी घेतलेल्या मित्राला विचारून बजेट ठरवू नका.

पायरी ३: खिडकीवरचे दोन कागद वाचा

प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर कंपनीचा छापील कागद असतो. १९५८ च्या कायद्याने तो सक्तीचा झाला. ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मन्रोनी यांनी तो कायदा आणला म्हणून त्याला आजही ‘मन्रोनी स्टिकर’ म्हणतात. गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात जाईपर्यंत डीलरला तो काढता येत नाही. त्यावर मूळ किंमत, कारखान्यात बसवलेल्या जादा वस्तू, ‘डेस्टिनेशन चार्ज’ आणि एकूण किंमत असते. गाडीची अंतिम जुळणी कुठे झाली हेही असतं. ते का पाहायचं, ते कर्जाच्या भागात येतं.

डेस्टिनेशन चार्ज म्हणजे कारखान्यापासून डीलरपर्यंतचं भाडं. एका मॉडेलला ते देशभर सारखंच असतं. डीलर कारखान्याच्या शेजारी असला तरी तेवढंच, आणि त्यावर कर लागतो. छोट्या सेडानला ते हजार-बाराशे डॉलर असतं, मोठ्या पिकअपला दोन हजारांच्या पुढे जातं. इथे घासाघीस करून उपयोग नाही. मात्र मन्रोनीवर ते एकदा धरलेलं असताना डीलरने ‘फ्रेट’ किंवा ‘डिलिव्हरी’ नावाने पुन्हा घातलं असेल तर ती ओळ खोडायला लावा. ‘डीलर प्रेप’ हेही तसंच. गाडी धुऊन, प्लास्टिक काढून, टायरची हवा बघून तयार करण्याचे पैसे सहसा कंपनीच डीलरला देते.

काचेवर आणखी एक कागद असतो, बहुतेकदा मन्रोनीसारखाच दिसणारा. तो डीलरचा स्वतःचा. खरी करमणूक तिथे असते. टायरमध्ये नायट्रोजन भरल्याचे १९९ (साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच), काचेवर गाडीचा ओळख क्रमांक कोरल्याचे २९९, रंगावर आणि सीटवर ‘संरक्षण’ म्हणून ७९९, दाराच्या कडेला लावलेली रबरी पट्टी, चाकाचे लॉक, चोरी झाल्यास शोधणारं यंत्र. मागणी असलेल्या गाडीवर ‘मार्केट अ‍ॅडजस्टमेंट’ नावाची ओळ असते. तिच्यात वस्तू कुठलीच नाही, निव्वळ वाढवलेली किंमत आहे. यातलं एकही सरकारने सांगितलेलं नाही आणि या प्रत्येकावर विक्रीकर चढतो.

“आधीच बसवलंय, आता काढता येत नाही,” हे उत्तर ठरलेलं असतं. काढू नका म्हणावं, पण पैसे लावू नका. तेही जमत नसेल तर तेवढी रक्कम गाडीच्या किमतीतून कमी करायला लावायची. नाही म्हणाले तर दुसरा डीलर बघायचा.

पायरी ४: डॉक फी

‘डॉक्युमेंटेशन फी’, ‘डीलर सर्व्हिस फी’, ‘प्रोसेसिंग’ अशी नावं असतात. छापील फॉर्मवर टॅक्स आणि टायटलच्या मधोमध ही ओळ असते, म्हणून नव्या माणसाला ती सरकारी वाटते. ती डीलरची कमाई आहे. सरकार फार तर तिला मर्यादा घालतं, तेही काही राज्यांतच. कॅलिफोर्नियात ती ८५ डॉलरच्या वर जाऊ शकत नाही. न्यूयॉर्कमध्ये मर्यादा १७५. टेक्सासमध्ये २२५ पर्यंतची रक्कम वाजवी मानतात, त्याहून जास्त घ्यायची तर डीलरला राज्याच्या खात्याकडे हिशेब द्यावा लागतो. न्यू जर्सी आणि फ्लोरिडात मर्यादाच नाही. न्यू जर्सीत पाच-सातशे सहज दिसते, फ्लोरिडात हजाराच्या आसपास.

ही फी सहसा काढून टाकत नाहीत. ‘सगळ्यांना सारखीच लावतो’ हे त्यांचं म्हणणं बऱ्याचदा खरंही असतं. एकाला माफ केली तर दुसऱ्याशी भेदभाव केल्याचा आरोप येऊ शकतो. म्हणून त्या ओळीवर डोकं आपटत बसू नका. ‘फी राहू द्या, गाडीची किंमत तेवढ्याने उतरवा’ असं म्हणा. त्यांच्या कागदावरची फी तशीच राहते आणि तुमच्या खिशातून जाणारी रक्कम घटते. बहुतेक राज्यांत डॉक फीवरही कर लागतो, हेही धरा: न्यू जर्सीत ५९९ ची फी प्रत्यक्षात ६३८.६८ ला पडते.

टेक्सासच्या बिलात ‘इन्व्हेंटरी टॅक्स’ अशी एक छोटी ओळ दिसेल. नाव करासारखं असलं तरी तो डीलरच्या मालसाठ्यावरचा कर आहे, जो तो तुमच्याकडून वसूल करतो. रक्कम किरकोळ असते. त्यावर वेळ घालवू नका, पण ती सरकारी फी आहे असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका.

पायरी ५: दोन कोटेशन शेजारी ठेवून बघा

समजा न्यू जर्सीत ३४,००० डॉलर स्टिकरची, डेस्टिनेशन धरलेली गाडी आहे. डीलर ‘अ’ ती ३२,५०० ला देतो, डॉक फी ५९९. डीलर ‘ब’ची जाहिरात ३१,९०० ची, म्हणजे ६०० ने स्वस्त. त्याची डॉक फी ७९९, आणि गाडीवर आधीच बसवलेल्या नायट्रोजन-कोरीवकाम-संरक्षणाचे १,२९५.

‘अ’चा हिशेब
किंमत: ३२,५००
डॉक फी: ५९९
करपात्र रक्कम: ३३,०९९
विक्रीकर ६.६२५ टक्के: २,१९२.८१
टायटल, कर्ज असल्यास: ८५
रजिस्ट्रेशन आणि प्लेट, चार वर्षांचं एकदम, अंदाजे: २६०
पाच टायरची फी, प्रत्येकी १.५०: ७.५०
एकूण: ३५,६४४.३१

‘ब’चा हिशेब
किंमत: ३१,९००
डॉक फी: ७९९
बसवलेल्या वस्तू: १,२९५
करपात्र रक्कम: ३३,९९४
विक्रीकर: २,२५२.१०
टायटल, रजिस्ट्रेशन, टायर: ३५२.५०
एकूण: ३६,५९८.६०

सहाशेने स्वस्त दिसणारी गाडी ९५४ डॉलरने महाग पडली. सरकारी ओळी दोन्हीकडे सारख्याच आहेत. फरक पाडला तो डीलरच्या ओळींनी आणि त्यांच्यावर चढलेल्या कराने. न्यू जर्सीत गाडी ४५,००० डॉलरची किंवा त्याहून महाग असेल, किंवा गॅलनला १९ मैलांपेक्षा कमी चालत असेल, तर आणखी ०.४ टक्के अधिभार लागतो. ४४,८०० च्या गाडीवर दोनशेची वस्तू चढवून घेण्याआधी हे आठवा.

‘अ’चीच गाडी त्याच किमतीला लॉस एंजेलिसमध्ये घेतली असती तर डॉक फी ८५, कर ३,१७७.०४, आणि रजिस्ट्रेशनमध्ये गाडीच्या किमतीच्या ०.६५ टक्के लायसन्स फी, पहिल्या वर्षी साधारण २११ डॉलर. डॉक फीत वाचलेले पाचशे कराने दुपटीने परत घेतले.

पायरी ६: कोटेशन लेखी मागवा

शोरूममध्ये जायच्या आधी चार-पाच डीलरांच्या इंटरनेट विभागाला ईमेल करा. फोनवर आकडा कबूल करून प्रत्यक्षात गेल्यावर “तो सेल्समन आज सुट्टीवर आहे” हे सर्रास चालतं. ईमेलमध्ये एवढं असू द्या: मॉडेल, व्हेरियंट, रंग, स्टॉक नंबर किंवा गाडीचा ओळख क्रमांक, तुमचा झिप कोड (इथला पिन कोड), आणि स्पष्ट वाक्य की सगळे कर, सगळ्या फी आणि गाडीवर बसवलेल्या सगळ्या वस्तू धरून ओळीवार आउट-द-डोअर किंमत हवी. ‘ओळीवार’ महत्त्वाचं. नुसता एक एकूण आकडा आला तर त्यात कर कमी धरून डीलर स्वस्त दिसू शकतो आणि नंतर ‘तुमच्या झिपचा कर जास्त आहे’ म्हणून रक्कम वाढवतो.

सुटीचा रिबेट, नुकत्याच पदवी घेतलेल्यांचा, सैनिकांचा, त्याच कंपनीची जुनी गाडी असणाऱ्यांचा, हे सगळे रिबेट जाहिरातीतल्या किमतीतून बऱ्याचदा आधीच वजा केलेले असतात. तुम्ही त्यातल्या कशात बसता का, ते विचारून घ्या. अमेरिकेत नुकतंच एम.एस. केलेल्यांना पदवीचा रिबेट खरोखर मिळू शकतो, तो सोडू नका.

काही डीलर ‘आधी या, मग बोलू’ म्हणतील. त्यांना यादीतून काढा. महिनाअखेर आणि तिमाहीअखेर उत्तरं लवकर येतात, एवढा अनुभव बहुतेकांचा आहे.

पायरी ७: फायनान्सच्या खोलीत

किंमत ठरली की तुम्हाला एका छोट्या खोलीत नेतात. डीलरच्या कमाईचा बराच भाग या खोलीत होतो, आणि थकलेला माणूस इथेच सही करून मोकळा होतो.

पहिला प्रश्न असतो, “महिना किती बसायला हवं?” उत्तर देऊ नका. ‘महिन्याला फक्त वीस डॉलर जादा’ म्हणजे ७२ महिन्यांत १,४४० डॉलर. कर आणि फी कर्जातच घालतो म्हणाले तर त्यावरही व्याज चढतं. ३,००० डॉलर कर आणि फी ७ टक्क्यांनी ७२ महिन्यांच्या कर्जात घातले, तर महिन्याला साधारण ५१ आणि एकूण ३,६८३ भरावे लागतात. जमत असेल तर निदान कर आणि फी रोख भरा.

व्याजाच्या दरातही डीलरचा वाटा असतो. बँकेने त्याला ६ टक्क्यांनी दिलेलं कर्ज तो तुम्हाला ८ ने देऊ शकतो आणि मधला फरक बँकेबरोबर वाटून घेतो. ३०,००० डॉलरच्या ६० महिन्यांच्या कर्जावर हे दोन टक्के साधारण १,७०० डॉलरला पडतात, म्हणजे वरच्या ‘अ’च्या डॉक फीच्या जवळजवळ तिप्पट. म्हणून आधी एखाद्या क्रेडिट युनियनकडून (आपल्या पतपेढीसारखी सभासदांची संस्था) कर्ज मंजूर करून पत्र खिशात ठेवा आणि डीलरला त्याहून चांगला दर द्यायला सांगा. नव्याने आलेल्यांची क्रेडिट हिस्टरी तोकडी असते, दर चढा मिळतो. अशा वेळी काही महिने क्रेडिट कार्ड नीट भरून थांबणं परवडत असेल तर थांबावं. थांबणं शक्यच नसेल तर लवकर फेडल्यास दंड नाही, याची खात्री करून कर्ज घ्या आणि वर्षभराने दुसरीकडे हलवा.

२०२५ ते २०२८ या वर्षांत नव्या गाडीच्या कर्जावरचं व्याज, वर्षाला १०,००० डॉलरपर्यंत, केंद्राच्या आयकरात वजा करता येतं. अट अशी की गाडीची अंतिम जुळणी अमेरिकेत झालेली हवी आणि तुमचं उत्पन्न मर्यादेत हवं: एकट्याचं १ लाख, जोडप्याचं २ लाख डॉलरच्या पुढे सवलत कमी होत जाते. मन्रोनीवरची ती ओळ इथे कामी येते. लीजला, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी भाड्याने घेतलेल्या गाडीला, हे लागू नाही.

मग येतात वाढीव वॉरंटी, गॅप विमा, टायर-चाक संरक्षण, किल्ली हरवल्याचा विमा. गॅप विमा हा एकच प्रकार विचार करण्यासारखा, तोही डाउन पेमेंट फार कमी असेल तर: गाडी निकामी झाली आणि विम्याची रक्कम कर्जापेक्षा कमी पडली तर फरक तो भरतो. पण तोच बहुतेकदा तुमच्या विमा कंपनीकडून किंवा क्रेडिट युनियनकडून बराच स्वस्त मिळतो. “हे घेतल्याशिवाय कर्ज मंजूर होत नाही” असं कुणी म्हटलं तर ते बँकेकडून लेखी मागा. एवढं म्हटलं की विषय सहसा बदलतो.

लीज घेणाऱ्यांनी कराची पद्धत आधी पाहावी. कॅलिफोर्नियात कर दर महिन्याच्या हप्त्यावर बसतो. न्यू जर्सीत लीजच्या सगळ्या हप्त्यांवरचा कर सुरुवातीलाच हिशेबात येतो. टेक्सासमध्ये गाडीच्या पूर्ण किमतीवर कर लागतो आणि तो अखेर तुमच्यावरच येतो, म्हणून तिथे तीन वर्षांची लीज वाटते तेवढी स्वस्त पडत नाही. लीजमध्ये व्याजाचा दर ‘मनी फॅक्टर’ म्हणून ०.००२५ असा लिहितात. त्याला २,४०० ने गुणलं की टक्के मिळतात, इथे ६.

पायरी ८: सहीपूर्वी आणि नंतर

सही करायच्या आधी ईमेलमधलं कोटेशन आणि समोरचा करार ओळीने ओळ ताडून पाहा. नवी ओळ दिसली की थांबा. आकड्याचा कुठलाही रकाना रिकामा असताना सही करू नका. गाडीचा ओळख क्रमांक, मीटरवरचे मैल आणि कराचा दर स्वतः तपासा. कराची टक्केवारी मोबाईलवर काढायला एक मिनिट लागतं आणि चुकीच्या झिपचा दर लागणं ही नेहमीची चूक आहे.

तीन दिवसांत गाडी परत करता येते, हा समज काढून टाका. घरी येऊन माल विकणाऱ्यांसाठी असलेला केंद्राचा तो नियम डीलरच्या शोरूममध्ये झालेल्या खरेदीला लागू नाही. डीलरांच्या छुप्या फीवर बंधनं घालणारा केंद्रीय व्यापार आयोगाचा नियमही जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने रद्द केला. त्यामुळे नवी गाडी सहीनंतर तुमची, चुकलेल्या ओळींसकट.

आणखी एक प्रकार नव्याने आलेल्यांच्या वाट्याला जास्त येतो. कर्ज अंतिम मंजूर व्हायच्या आधीच गाडी हातात देतात आणि आठवड्याने फोन येतो: मंजुरी मिळाली नाही, या आणि जास्त दराच्या कागदांवर सही करा. म्हणून चाव्या घेताना विचारा की मंजुरी अंतिम आहे की अटीवर. अटीवर असेल तर दोन दिवस थांबून गाडी घ्या. तसा फोन आलाच तर घाबरून जास्त दरावर सही करू नका. करारातली अट वाचा, आणि गाडी परत देऊन डाउन पेमेंट व जुनी गाडी परत मागण्याची तयारी ठेवा.

गाडी घरी आल्यावर तात्पुरत्या प्लेटची मुदत पाहून ठेवा आणि ती संपायच्या दोन आठवडे आधीपर्यंत कायमची प्लेट आली नाही तर डीलरच्या टायटल विभागाच्या मागे लागा. मुदत उलटल्यावर दंडाची पावती डीलरला नाही, तुम्हाला मिळते. रजिस्ट्रेशनची फी डीलरने बऱ्याचदा अंदाजाने घेतलेली असते. कार्ड आल्यावर त्यावरची खरी रक्कम बिलाशी ताडून पाहा आणि जादा घेतली असेल तर परत मागा. वाढीव वॉरंटी किंवा गॅप घाईत घेतलं गेलं असेल तर करारातलं रद्द करण्याचं कलम उघडा. पहिल्या काही आठवड्यांत रद्द केल्यास बहुतेकदा पूर्ण आणि नंतर उरलेल्या मुदतीच्या प्रमाणात पैसे परत मिळतात. अर्ज लेखी करा, पोच घ्या. गाडी कर्जावर असेल तर ते पैसे तुमच्या हातात येत नाहीत, कर्जाच्या मुद्दलात जमा होतात आणि हप्ता तेवढाच राहतो. म्हणून महिन्याभराने कर्जाच्या खात्यावर ती रक्कम दिसते का, ते तपासा.